झील घेणारं कोणी आहे का

अड्यारमधल्या माझ्या पहिल्याच सकाळी खालच्या मजल्यावरून एक थाप आली आणि मी अंथरुणातून वीतभर वर उडालो. वाढवून सांगत नाही. परत खाली टेकलो तेव्हा उशी जागेवर नव्हती. समोरच्या झाडावरचे झाडून सगळे कावळे उठले. त्यातले निम्मे संध्याकाळी परतले आणि उरलेले, माझी माहिती खरी असेल तर, अजून पाँडिचेरीलाच आहेत.

मी कराडहून चेन्नईला, शहराबाहेरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आलो होतो. घर दलालानं मिळवून दिलेलं. मालकीणबाईंना तोवर पाहिलंही नव्हतं. आठवडाभर घोकलेलं एकुलतं एक तमिळ वाक्य घेऊन मी तक्रार करायला खाली गेलो. दार उघडलं ते एका काटकुळ्या बाईंनी. सत्तरीकडे झुकलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, अंगावर सुती साडी आणि हातात परातीएवढा डफ. माझं तमिळ त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. मग म्हणाल्या, "पुण्याचे की तुम्ही?"

"कराडचा."

"तेंच तें. आंत या. कापी घ्या."

या मालकीणबाईंच्या, म्हणजे तुळजाक्कांच्या, नकाशात तंजावरच्या वरती जे काही होतं ते सगळं पुणं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंजावरला उतरले आणि परत जायचं विसरले. तेव्हाची मराठी त्यांनी लोणच्यासारखी बरणीत घालून ठेवली होती. वरून तेल मात्र तमिळ. "मी जेवितें", "तुम्ही कोठें निघालांत", आणि वाक्याच्या शेवटी असा एक हेल, की साधं "दूध संपलें" म्हटलं तरी प्रश्न विचारल्यासारखं वाटावं. मी कॉफी प्यालो, दुसरी प्यालो, आणि वर आलो तेव्हा ध्यानात आलं की तक्रार तशीच राहिली. ती आजही माझ्याकडे शिल्लक आहे.

अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. उभं आयुष्य त्यांनी "थांबा, लाइन लागेल" हे वाक्य तीन भाषांत म्हटलं होतं, आणि सेवानिवृत्त झाल्यावरही ते त्यांच्या तोंडातून गेलं नव्हतं. नळाला पाणी आलं नाही, रिक्षा मिळाली नाही, डॉक्टरांनी बसवून ठेवलं, की अक्का कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "थांबतें मी. लागेल." आणि लागायची. त्यांच्यापुढे कंटाळून जग आपणच जोडणी करून द्यायचं.

आवाज मात्र देणगीचा. एकदा वादळात सगळ्या तारा तुटल्या तेव्हा अक्कांनी एक्स्चेंजची खिडकी उघडून थेट शहराबाहेरच्या आवडी गावाला निरोप दिला, असं त्यांचे यजमान सांगत असत. यजमान आवडीच्या कारखान्यात कारकून होते आणि त्यांनी तो निरोप जागेवर बसून ऐकला होता. येताना कढीपत्ता आणा, एवढाच होता.

या यजमानांना अक्का 'आमचे राव' म्हणत. मी आलो त्याच्या आधीच ते वारले होते. पण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही, कारण राव अक्कांची झील घेत.

झील म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. पोवाडा म्हणणारा डफावर थाप मारून कडवं म्हणतो आणि शेवटची ओळ हवेत टाकतो. मागे उभे असलेले ती ओळ उचलतात आणि उंच आवाजात परत म्हणतात. ती झील. तेवढ्या वेळात पुढचा माणूस श्वास घेतो, पुढचं कडवं आठवतो, घाम पुसतो. अक्कांचे वडील तंजावरात शाळामास्तर होते आणि डफ वाजवून गात. त्यांचा एक नियम होता: झील आल्याशिवाय पुढचं कडवं म्हणायचं नाही. ऐकणाऱ्यांनी ओळ उचलली नाही तर गाणं तिथंच थांबवायचं. गाणं एकट्यानं पुढं ढकलायची वस्तू नव्हे. अक्कांनी वडिलांकडून डफ घेतला तेव्हा हा नियमही त्याला चिकटूनच आला.

राव दाढी करता करता झील घेत. गालावर साबण, हातात वस्तरा, आणि वरचा सूर. शेवटी शेवटी त्यांच्या हनुवटीवर जेवढ्या खुणा होत्या तेवढी अक्कांची गाणी होती. तेव्हा अक्का घरातच गायच्या. नोकरी, मुलगा, सासू. सेवानिवृत्तीनंतर म्हणाल्या, आता मी लोकांत गाणार, माझी स्वतःची गाणी. पाण्याच्या लॉरीचा पोवाडा रचला, वीज गेल्याचा रचला. आणि तालीम रंगात आली असताना राव गेले.

"आतां गाणें आहे, डफ आहे, मी आहे," अक्का मला म्हणाल्या. "मागें कोणी नाहीं."

"मी घेतो की झील," मी म्हटलं.

त्यांनी थाप मारली, ओळ टाकली. मी उचलली. अक्कांनी डफ खाली ठेवला, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुम्ही ऐकणाऱ्यांत बसा हां बाळा."

कॉफीचे पेले विसळत, पाठमोऱ्या राहून, त्या पुढं म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतो, श्वास उणा होत चाललाय. जिना चढतांना लागतो. आधीं जिना जाईल, मग गाणें जाईल. तें जायच्या आंत या गांवांत एक गाणें पुरें करायचें आहे. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत. झील लोकांनीं घ्यायची. बास."

एवढंच त्यांचं मागणं होतं. चेन्नईची वस्ती पाहता ते फार अवघड नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं.

पण आधी डफाचं दुखणं. मद्रासची हवा इतकी दमट की इथं वाळत घातलेला रुमाल चौथ्या दिवशी काढावा तर पहिल्या दिवसापेक्षा ओला. त्या हवेत डफाचं चामडं भिजल्या पापडासारखं लोंबायचं. त्याला शेक हवा. गॅसवर अक्कांनी एकदा शेकला तर कडा करपली. म्हणून रोज सकाळी त्या डफ काखोटीला मारून गल्लीच्या तोंडाशी सेल्वीच्या इस्त्रीच्या गाडीपाशी जात. सेल्वीची इस्त्री कोळशाची, लोखंडी, माझ्या लहानपणच्या दप्तराएवढी. इस्त्रीत निखारे भरायच्या आधी ती ते पत्र्यावर फुलवायची. त्या निखाऱ्यांवर डफ धरून अक्का उभ्या.

"अम्मा, हे चामडं इथं आणू नकोस," सेल्वी रोज म्हणायची, एवढं तमिळ मला एव्हाना समजू लागलं होतं. "गिऱ्हाइकांच्या शर्टांना वास लागतो."

"गाण्याचा वास आहे तो. जास्तीचे पैसे घे त्यांच्याकडून."

"तुझ्या गाण्याला एक तरी गिऱ्हाईक आहे का?"

"थांबलें आहे मी. लागेल लाइन."

आणि सेल्वी फणकाऱ्यानं त्यांच्यासाठी दोन निखारे बाजूला सारायची. तिचं माहेर शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या कोळीवाड्यात. तिथल्या वीजकेंद्रांच्या धुरांड्यांची राख दोरीवरच्या साडीवर बसते, वाळत घातलेल्या मासळीवर बसते, असं ती एकदा इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. अक्का डफ शेकत ऐकत होत्या. दुपारपर्यंत त्यांचं धुरांड्याचं गाणं तयार होतं. त्याची झील होती, 'आभाळ आमचें पुसून दे'.

आता लोक शोधायचे. पहिला मान आपल्या माणसांचा म्हणून मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नेलं. पुण्यानागपूरची कंप्युटरवाली पोरंपोरी, कुडते घालून, झकास गर्दी. अक्कांनी लॉरीचा पोवाडा लावला. पहिलं कडवं असं कडाडलं की मांडवाच्या झिरमिळ्या उलट्या दिशेला वाहू लागल्या. त्यांनी ओळ टाकली, 'आली गे लॉरी, कोठें माझी घागर', आणि हात कानामागे नेऊन थांबल्या.

समोर जेवढे हात होते तेवढ्या हातांत फोन होता. सगळे चित्रीकरण करत होते. सगळे हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते की पुढे काय होतं. अक्का थांबल्या. पोरंही थांबली. गणपतीनंसुद्धा श्वास रोखला असावा. शेवटी पुढच्या रांगेतला एक गुणी मुलगा म्हणाला, "काकू, साउंड गेला का?"

"साउंड आहे रे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही गेलांत."

आणि उतरून आल्या. चित्रफितीला म्हणे भरपूर पसंती मिळाली. एका कडव्याला.

मग बेंगळुरूहून त्यांचा मुलगा मुकुंद आला. आईवर फार जीव. तो तिला एका स्टुडिओत घेऊन गेला. काचेपलीकडचा तरुण कानाला हेडफोन लावून म्हणाला, "मॅडम, कोरसची काळजी करू नका. तुमचाच आवाज पुन्हा घेतो, आठ वेळा एकावर एक चढवतो. मोठा जमाव उभा राहील."

"म्हणजे झील मीच घ्यायची?"

"हो. कुणाला कळणारही नाही."

"आपण हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची," अक्का शांतपणे म्हणाल्या. "असल्या बाईला शेजारीपाजारी खोलींत कोंडतात, बाबा." आणि डफ उचलून बाहेर. मुकुंद पायऱ्यांवर त्यांच्या मागे. "अम्मा, निदान गाणं राहील तरी. तू गेल्यावर आम्हांला ऐकायला."

अक्का वळल्या. "तुला ऐकायचें आहे? मग आतां झील घे."

मुकुंद रस्त्यावरच्या गर्दीकडे बघून लाजला. तो वाईट मुलगा नव्हे. पण लाजला.

तिसरी गोष्ट सभेची. चेन्नईत सभा म्हणजे भाषणाची नव्हे, गाण्याची. तिथले सेक्रेटरी अक्कांच्या ओळखीचे, सज्जन गृहस्थ. त्यांनी दुपारची वेळ दिली. म्हणजे सगळं शहाणं गिऱ्हाईक कँटीनमध्ये असतं ती. तरी पुढच्या रांगा भरलेल्या होत्या. जाणकार, मांडीवर हात मारून ताल धरणारे. अक्कांनी धुरांड्याचं गाणं घेतलं, पहिलं कडवं म्हटलं, ओळ टाकली आणि थांबल्या.

टाचणी पडली असती तर तीही तालात पडली असती. सगळ्यांच्या मांड्यांवर ताल अचूक चालू, बोटं मोजतायत, चुकत नाहीत, आणि ओठ मिटलेले. गाणाऱ्याच्या मध्ये आवाज काढणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. पलीकडे अक्कांच्या शिस्तीत त्याच्याशिवाय पुढे जाणं बसत नव्हतं. दोन शिस्ती एकमेकींकडे बघत बसल्या.

सेक्रेटरींना वाटलं, झालं गाणं, आटोपशीर होतं. ते शाल घेऊन आले, अक्कांच्या खांद्यावर घातली, फोटो झाला, टाळ्या झाल्या. अक्का जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबतें मी. लागेल." सेक्रेटरींना वाटलं एक शाल कमी पडली. दुसरी आणली. अक्का उभ्याच. अध्यक्षांनी स्वतःच्या अंगावरची काढून दिली. वाढवून सांगत नाही, शेवटी शालींच्या ढिगातून नुसता डफाचा काठ दिसत होता आणि त्याच्यामागून धीराचा आवाज येत होता. मग कोणीतरी पडदा पाडला.

आत सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "मामी, कशाला हट्ट? झील तुम्हीच म्हणून टाका आणि पुढं जा. कोण विचारतंय?"

"वडील विचारतील."

"वडील हयात आहेत?"

"नाहींत. म्हणून तर त्यांना समजावतां येत नाहीं."

त्या दिवशी घरी जिना चढताना त्या मधल्या पायरीवर बसल्या. वर माझ्याकडचा गळका नळ बघायला येत होत्या. नळ राहिला बाजूला. बराच वेळ श्वास जाग्यावर येईना. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "अक्का, हे गाव झील घेणारं नाहीच."

"या गांवाला कोठें कोठें लाइन गेली आहे तें मला विचारा," त्या म्हणाल्या. "सगळ्या जोडून पाहिल्या कोठें मी."

दुसऱ्या सकाळी डफ पुन्हा निखाऱ्यावर. सभेची एक शाल आता त्याची खोळ झाली होती. सेल्वीनं शाल चाचपून बघितली. "चांगली आहे. किती गाणी म्हटलीस?"

"एक कडवें."

"एका कडव्याला एवढी शाल?" सेल्वी इस्त्री आपटत म्हणाली. "आडी महिन्यात आमच्या अम्मन देवीची जत्रा आहे. शाल मिळणार नाही, कूळ मिळेल प्यायला. येतेस का?"

कूळ म्हणजे नाचणीची आंबील. अक्का म्हणाल्या, "येतें."

आडी म्हणजे आपला आषाढ. आम्ही बीच स्टेशनवरून एन्नोरची गाडी पकडली: अक्का, सेल्वी, मी आणि शालीतला डफ. उतरलो तो एका बाजूला समुद्र, एका बाजूला धुरांडी, आणि मध्ये कोळीवाडा. संध्याकाळचं ऊन होतं, पण ते धुरातून गाळून येत असल्यामुळे ताकासारखं पातळ. देवळापुढे कडुलिंबाचे डहाळे लावलेले, आंबिलीचे हंडे, पोरंबाळं, मासळी विकून आलेल्या बाया टोपल्या उलट्या घालून त्यांवर बसलेल्या.

खाऱ्या वाऱ्यानं डफ पार मेला होता. अक्कांनी टिचकी मारली तर उशीवर मारल्यासारखी वाजली. आजूबाजूला ना सेल्वीची गाडी, ना निखारे. तेवढ्यात देवळाच्या कडेला काही माणसांनी गवताच्या पेंढ्या पेटवल्या आणि आपापले पराई ढोल त्या जाळावर धरले. पराई म्हणजे डफाचाच सख्खा भाऊ: गोल, एका अंगाला चामडं, आणि दमट हवेचा तेवढाच वैरी. अक्का सरळ त्या जाळापाशी गेल्या. एका म्हाताऱ्या वादकानं आधी डफाकडे बघितलं, मग अक्कांकडे, आणि एक पाऊल सरकून जागा केली. कोणी काही विचारलं नाही. ती सगळी चामडी एका जाळावर तापत होती आणि अक्का फिरवून फिरवून डफ शेकत होत्या, भाकरी शेकावी तशा.

पराई वाजून झाली. सेल्वीनं अक्कांना पुढे ढकललं. अक्कांनी तमिळमध्ये सांगितलं की गाणं आमच्या भाषेत आहे, तुमच्या धुरांड्याचं आहे. मी म्हणेन 'आभाळ आमचें पुसून दे', म्हणजे हे वरचं आकाश पुसून परत कर. तेवढी ओळ तुमची. मग थाप मारली. पहिलं कडवं म्हटलं. ओळ टाकली, हात कानामागे नेला आणि थांबल्या.

मी डोळे मिटले. मला ती शांतता पाठ झाली होती.

एक लाट येऊन फुटली. आणि टोपलीवर बसलेल्या एका धिप्पाड बाईनं पान थुंकून ओळ उचलली. तिच्यामागून सगळ्यांनी. पहाटे बाजारात हाळी देणारे गळे ते, जाळं ओढताना एकाच्या ओळीला दहांनी उत्तर द्यायची सवय असलेली माणसं. मराठीचं त्यांनी काय केलं ते विचारू नका. पण झील अशी आली की माझ्या छातीत धक्का बसला.

मी डोळे उघडून अक्कांकडे बघितलं. अक्का उभ्या होत्या, तोंड उघडं, आणि तोंडातून काही येत नव्हतं. दुसरं कडवं डोक्यातून गेलं होतं. मनातल्या मनात हजारदा घोळवलेलं. पण राव गेल्यापासून पहिल्या कडव्यानंतर नेहमी शांतताच आली होती, आणि अक्कांची सगळी तयारी त्या शांततेची होती. झील आली तर काय करायचं, ते त्या विसरल्या होत्या. श्वासही लागला. डफ खाली यायला लागला.

धिप्पाड बाईनं ते बघितलं. तिनं घाई केली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत, शाल आणली नाही. मान डोलवून तीच ओळ पुन्हा घेतली, सगळ्यांनी पुन्हा. मग पुन्हा. सेल्वी ओरडली, "घे श्वास, आम्ही आहोत." म्हाताऱ्या वादकानं पराईवर काठीनं हलका ठेका धरला. आणि झील फिरत राहिली, फिरत राहिली, बाई बसल्या जागी जेवढा वेळ बाळाला झुलवते तेवढा वेळ, कंटाळा म्हणून नाही.

अक्कांचे ओठ हलले. डफ वर आला. दुसरं कडवं आलं.

मग तिसरं. मग सगळी. शेवटच्या कडव्यापर्यंत, शेवटच्या थापेपर्यंत, एक अक्षर न गाळता. आणि मी शपथेवर सांगतो, गाणं संपलं तेव्हा समोरचं एक धुरांडं धूर सोडायचं थांबलं होतं. सेल्वी म्हणते, शिफ्ट बदलली असेल. तिला गाण्यातलं काही कळत नाही.

अक्का वाळूत बसल्या आणि पेलाभर आंबील प्यायल्या. "राव कापून घ्यायचे," त्या म्हणाल्या. "या बाया बऱ्या. दाढी नाहीं." आणि पदरानं बराच वेळ चेहरा पुसत राहिल्या.

पुढे माझी बदली झाली. वर्षभरानं कामासाठी पुन्हा चेन्नईला गेलो, अड्यारला गेलो तर दाराला कुलूप. सेल्वी म्हणाली, "अम्मा? ती आता इथं कुठं सापडायला. बीच स्टेशनवर बघ." गेलो. एन्नोरची गाडी लागलेली होती आणि बायकांच्या डब्यात, मासळीच्या रिकाम्या टोपल्यांच्या मधोमध, खिडकीशी अक्का. आणखी वाळलेल्या. मांडीवर शालीतून काढलेला डफ. समोर ती धिप्पाड बाई.

"ही झील लांब आहे, अम्मा," ती म्हणत होती. "आमच्या डोक्यावर ओझं असतं. श्वास पुरत नाही. काप."

मी सावरून उभा राहिलो. स्टुडिओला, सभेला, पोटच्या मुलाला ज्यांनी काना-मात्रा बदलून दिली नव्हती, त्या आता काय म्हणतात ते ऐकायला. अक्कांनी बोटांवर ओळ मोजली. एक शब्द काढला. गुणगुणून बघितली.

"आतां?"

"अजून थोडी."

आणखी एक काढला. "घ्या."

गाडी हलली. अक्कांची नजर माझ्यावर पडली. हात हलवायला हात मोकळा नव्हता; त्यांनी थाप मारली आणि ओळ टाकली. सबंध डब्यानं झील घेतली. पुढच्या डब्यानंही घेतली, तिथं कोणी काही शिकवलेलं नव्हतं. वाढवून सांगत नाही, रोयापुरम स्टेशनात उभ्या असलेल्या कोणालाही विचारा. फलाटावरचा हमाल वळून माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मला कळलं की मीसुद्धा घेतोय, भर गर्दीत, गळा फाडून.

दूर जाणाऱ्या खिडकीतून अक्कांनी डफ न थांबवता माझ्याकडे बघितलं आणि मानेनंच खूण केली: तुम्ही नाहीं हां बाळा.